थापाड्या काटा खरं बोलला तेव्हा

मी काटा बोलतोय. घड्याळाचा नाही आणि वजनाचाही नाही. एकोणीस माणसं बसतील एवढ्याशा विमानाच्या डाव्या इंजिनात तेलाचा दाब किती आहे, हे दाखवणं एवढंच माझं आयुष्यभराचं काम. तबकडी म्हणाल तर चहाच्या बशीहूनही लहान. पण एका सकाळी अठरा माणसांचे प्राण माझ्या टोकावर आले होते, आणि नेमक्या त्याच सकाळी माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथं धूळ औषधालाही सापडायची नाही. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी मला चिमट्यात उचललं, श्वास रोखला आणि अक्षावर बसवलं. माझ्यामागे तबकडी होती. तिच्यावर हिरवा पट्टा, त्याच्या खाली पिवळा आणि त्याच्याही खाली लाल रेघ. बाईंनी यंत्रानं दाब दिला, तसा मी टुणकन उठलो आणि सांगितलेल्या आकड्यावर जाऊन थांबलो. पुन्हा दिला, पुन्हा तिथंच. "शहाणा आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढची बरीच वर्षं मला त्या एकाच कौतुकावर काढावी लागली.

माझं काम का महत्त्वाचं, ते सांगतो. इंजिनाच्या पोटात एक दांडा मिनिटाला तीस हजारांहून जास्त वेळा गरगर फिरतो. तो ज्या बेअरिंगांवर फिरतो, त्यांच्यात आणि त्याच्यात तेलाचा केसाहून पातळ थर असतो. तो थर आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. थर गेला की मिनिटाभरात सगळं तापतं, चिकटतं, तुटतं, आणि तुटलेले तुकडे कुठल्या दिशेला जातील ते कुणी सांगू शकत नाही. तेलाला दाब आहे, म्हणजे थर शाबूत आहे. तो दाब इंजिनावर बसवलेलं एक बोंडाएवढं उपकरण ओळखतं, तारेतून मला कळवतं आणि मी तो दाखवतो. माझ्या मनचं मी काही सांगत नाही. सांगताच येत नाही.

मला विमानात बसवलं तेव्हा शेजारी माझा जुळा भाऊ होता. मी डाव्या इंजिनाचा, तो उजव्या. आमचं विमान रोज सकाळी शहरातून निघायचं आणि डोंगरापलीकडच्या तीन गावांना जाऊन दुपारी परत यायचं. प्रवासी बहुतेक रोजचेच. धरणावरचे इंजिनिअर, तपासणीला निघालेले साहेब, लेकीकडे निघालेल्या आजी. दर गुरुवारी एक दातांचे डॉक्टर यायचे, तिसऱ्या रांगेत डाव्या खिडकीशी बसायचे आणि चाकं उचलायच्या आत झोपायचे. वैमानिकांच्या आणि प्रवाशांच्या मध्ये फक्त एक पडदा होता. मागे कुणी शिंकलं तरी पुढून "जपा!" असा आवाज जायचा.

हा आवाज आमच्या कॅप्टनचा. पंचवीस वर्षं विमानं उडवलेला माणूस. केस पिकलेले, गुडघा दुखरा आणि जीभ तिखट.

पहिली सहा वर्षं मी हिरव्या पट्ट्यात असा ठामपणे उभा राहिलो की माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा मान नसतो.

सातव्या वर्षी मात्र माझ्या पाठीमागच्या जोडणीतली एक पिन ढिली झाली. विमान थरथरलं की तिचा संपर्क तुटायचा आणि मी धाडकन शून्यावर कोसळायचो. इंजिन ठणठणीत, तेल भरपूर, पण मी खाली पडलेला! पहिल्या दिवशी कॅप्टन दचकले. मग त्यांनी बोटानं माझ्या काचेवर टिचकी मारली. पिन जागेवर बसली, मी ताडकन उभा राहिलो.

"हात्तिच्या!" कॅप्टन म्हणाले. "थापाड्या आहे की लेकाचा."

तेच नाव पडलं. विमानाच्या नोंदवहीत कॅप्टननी लिहिलं, 'डावा तेलदाबाचा काटा पडतो. टिचकी मारल्यावर ठीक.' खाली हँगरच्या उस्तादांनी लिहिलं, 'तपासला. ठीक आढळला.' आणि सही केली. उस्ताद म्हणजे हँगरचे सगळ्यांत जुने मेकॅनिक, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखणारे. पण जमिनीवर थरथर नसायची, त्यामुळे ते बघायला यायचे तेव्हा मी हिरव्यातच उभा. बिचारे खोटं लिहीत नव्हते. आणि कॅप्टनही खोटं लिहीत नव्हते.

चार महिन्यांत हे दोन वाक्यांचं जोडपं अकरा वेळा लिहिलं गेलं. नवे वैमानिक आले की त्यांना उड्डाण शिकवता शिकवता हेही शिकवलं जायचं, "हा पडला तर घाबरू नका. असंच आहे ते. एक टिचकी द्यायची." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, मला मारू नका, माझ्या मागे बघा! पण काट्याला तोंड कुठून आणणार?

मग हँगरमध्ये एक नवी इंजिनिअर आली. सगळे तिला ताई म्हणायचे, उस्ताद मात्र 'पुस्तकवाली' म्हणायचे. एका मंगळवारी विमानाची पाळी तिच्याकडे आली. तिनं सहीसाठी पेन काढलं, सहज एक पान मागे उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. पेन तिनं परत खिशात ठेवलं.

"उस्ताद, हे अकरा वेळा ठीक आढळलंय."

"मग? बाराव्यांदा तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"अकरा वेळा ठीक आढळतं ते ठीक नसतं हो. मी पॅनल उघडते."

"अगं, दीड तास जाईल! चार वाजता विमान बाहेर काढायचंय. त्या थापाड्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणार?"

"उघडू तर द्या. काही नाही निघालं तर आठवडाभर तुमचा चहा माझ्याकडे."

"दोन आठवडे," उस्ताद म्हणाले आणि स्वतःच बॅटरी धरून उभे राहिले.

तिनं स्क्रू काढले, पॅनल पुढे ओढलं, आणि चार महिन्यांनी माझ्या पाठीला उजेड दिसला. पिन तिला लगेच सापडली. तिनं अख्खी जोडणी बदलली, यंत्रानं दाब देऊन मला प्रत्येक आकड्यावर चालवून पाहिलं, वरून पॅनलवर मुठीनं ठोकून पाहिलं. मी हललो नाही. उस्तादांनी ती ढिली पिन तळहातावर घेतली आणि बराच वेळ निरखली.

"हा थापा मारत नव्हता, उस्ताद," ताई म्हणाली. "आपणच त्याची मान मुरगळून ठेवली होती."

चहा मात्र उस्तादांनीच मागवला. नोंदवहीत तिनं लिहिलं, 'जोडणी बदलली. आता टिचकी मारू नये. काटा पडला तर खरा समजावा.'

कॅप्टन त्या वेळी गुडघ्यासाठी दहा दिवसांच्या रजेवर होते. ते गुरुवारी आले. त्यांनी नोंदवहीचं शेवटचं पान वाचलं, सगळं ठीक होतं, सही केली. मंगळवारचं पान त्याच्या मागे होतं. ते त्यांनी उलटलं नाही. त्यांच्या शेजारी सहवैमानिक होती, नोकरीला सहा महिने झालेली. तिला प्रत्येक पान वाचायची सवय. "कादंबरी आहे का ती?" म्हणून कॅप्टन तिला चिडवायचे.

त्या दिवशी सोळा प्रवासी होते. दातांचे डॉक्टर होतेच. सकाळ लख्ख होती, दोन्ही इंजिनं एका सुरात गात होती आणि नवी पाठ घेऊन मी हिरव्या पट्ट्यात छाती काढून उभा होतो. पंचवीस मिनिटं झाली. खाली दाट जंगल लागलं आणि समोर डोंगरांची रांग दिसायला लागली.

आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पूर्वी मी धाडकन कोसळायचो. आता तसं नव्हतं. कुणीतरी मला हळूहळू, पण न थांबता खाली ओढत होतं. नव्वद. पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. इंजिनातलं तेल कुठूनतरी बाहेर जात होतं, आणि ते समजलेला त्या विमानात मी एकटा होतो!

कॅप्टनचं लक्ष गेलं. ते हसले.

"आला बघ आपला थापाड्या कामावर. दहा दिवस माझी वाटच बघत होता."

टिचकी. मी तसाच. सत्तर.

पुन्हा टिचकी, जरा जोरात. पासष्ट. जीव तोडून मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती म्हणजे खरं दाखवणं. हिरवा पट्टा संपला आणि मी पिवळ्यात उतरलो.

"सर," सहवैमानिक म्हणाली, "तो मंगळवारी दुरुस्त झालाय."

"तो दर मंगळवारी दुरुस्त होतो गं. ठीक आढळला, ठीक आढळला. चार महिने वाचतोय मी."

"ठीक आढळला नाही, सर. जोडणी बदललीय. पडला तर खरा समजा, असं लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?"

"मागच्या पानावर."

कॅप्टनचं बोट माझ्या काचेपाशी अधांतरी थांबलं. तिनं आवाज चढवला नाही, पण शब्द भराभर आले. "आणि सर, तुम्ही दोनदा मारलीत. पूर्वी तो टिचकीनं उठायचा. आज हललासुद्धा नाही."

कॅप्टननी मान वळवून डाव्या इंजिनाकडे पाहिलं. त्यांच्या जागेवरून फक्त वरचा भाग दिसायचा, आणि तो चकचकीत होता. तिनं पडदा सरकवला.

"डॉक्टर! ओ डॉक्टरकाका! तुमच्या खिडकीतून इंजिनाची मागची बाजू दिसते ना? काही दिसतंय?"

डॉक्टर डोळे चोळत खिडकीशी वाकले. "काळे ओघळ आहेत. पार पंखापर्यंत आलेत. मला वाटलं, असतं तसं नेहमीच!"

कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणात पुसलं गेलं. मी त्यांना सात वर्षं समोरून बघत होतो. तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. भीती नव्हती त्यात. झोपेतून जागं झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"डावं इंजिन बंद करतोय," ते म्हणाले. "बघत राहा."

आता घाई करायची होती, पण गडबड करायची नव्हती. अशा वेळी चुकून चांगलंच इंजिन बंद केलेली माणसं या धंद्यात होऊन गेलीत. म्हणून एकानं वैमानिकासमोरच्या, त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, मोठ्यानं बोलायचं, आणि दुसऱ्यानं डोळ्यांनी बघून होकार दिल्याशिवाय दांडा हलवायचा नाही.

"डाव्याची ताकद कमी. हात डाव्यावर?"

"डाव्यावर. बरोबर."

दांडा मागे आला. चाळीस. मी लाल रेघेला टेकलो.

"डावा पंखा वाऱ्याला कडेनं. डावा?"

"डावा. बरोबर."

"डाव्याचं इंधन बंद. डावा?"

तिनं दांडा पाहिला, मला पाहिलं, माझ्या भावाला पाहिलं. तो हिरव्यात ताठ उभा होता. "डावा. बरोबर!"

डाव्या पंख्याची पाती सुरीसारखी वाऱ्याशी कडेनं वळली आणि थांबली. विमानाचं नाक डावीकडे ओढ घ्यायला लागलं. कॅप्टननी उजवा पाय पूर्ण रेटला. दुखरा गुडघा उजवाच होता. दोन सुरांचं गाणं एका सुराचं झालं आणि मागे सोळा माना एकदम डाव्या खिडक्यांकडे वळल्या.

"मंडळी," कॅप्टननी मागे आवाज दिला, "एक इंजिन मी मुद्दाम बंद केलंय. ते आजारी होतं. दुसरं तब्येतीनं चांगलं आहे. डोंगर ओलांडायला दोन लागतात, परत जायला एक पुरतं. आपण परत चाललोय. पट्टे घट्ट बांधा, आणि आजींना कुणीतरी हात द्या."

"मला नको हात," मागून आवाज आला. "तू पुढे बघ!"

वळण घेतलं तेव्हा डोंगर काचेतून सरकत बाजूला गेले. विमान हळूहळू उंची गमावत होतं, पण अगदी थोडी, आणि मग एका उंचीवर ते सावरलं. माझं काम संपलं होतं. मी शून्याजवळ पडून भावाकडे बघत होतो. सगळा भार त्याच्या इंजिनावर. तो जरासा जरी हलला असता तर खाली फक्त जंगल होतं. पंचवीस मिनिटं! इतकी लांब पंचवीस मिनिटं मी दुसरी पाहिली नाहीत. सहवैमानिक रेडिओवर बोलत होती, यादी वाचत होती, दर मिनिटाला उजव्या इंजिनाचे आकडे म्हणत होती. तिचा आवाज एकदाच कापला, तेव्हा कॅप्टन म्हणाले, "छान चाललंय. वाच. तुझ्या वाचण्यावरच चाललोय आपण."

"पाय बदलायचा का, सर? मी घेते थोडा वेळ."

"घे. हा गुडघा आता मला शिव्या द्यायला लागलाय."

तिनं आपल्या बाजूचं पॅडल दाबून धरलं. दोघांनी मिळून ते विमान अक्षरशः पायांनी सरळ धरून आणलं.

धावपट्टी दिसली. कडेला लाल गाड्या रांगेनं उभ्या होत्या. एका इंजिनावर पुन्हा वर उठायचा प्रयत्न म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून उतरायचं ते एकदाच. ती वेग मोजत होती. "एकशे दहा. एकशे आठ. वारा डावीकडून." कॅप्टननी ताकद हळूच ओढली, पायही तितकाच हळू सैल सोडला, आणि चाकं टेकली. एकदा उडी, मग ठाम. धावलो, धावलो, आणि थांबलो.

मग डॉक्टर म्हणाले, "पलीकडच्या गावात आज तीन दाढा वाचल्या."

असलं हसू मी कधी ऐकलं नाही. रडत रडत हसत होती माणसं.

ताई धावत आली. तिनं इंजिनाचं झाकण उघडलं. तेलाच्या एका नळीला केसाएवढी चीर होती आणि पोटात जेमतेम ओंजळभर तेल उरलं होतं. पुढे इंजिन पूर्ण खोललं तेव्हा एक बेअरिंग तापून निळं पडायला लागलेलं सापडलं. "अजून एखादं मिनिट," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी कॅप्टन घरी गेले नाहीत. नोंदवही मांडीवर घेऊन विमानाच्या शिडीवरच बसले आणि लिहिलं, 'तेलाचा दाब उतरत असताना काटा खोटा समजून मी चाळीस सेकंदं वाया घालवली. मागचं पान वाचलं नव्हतं.'

सहवैमानिक वाचत होती. "सर, हे लिहायलाच हवं का? विमान तर सुखरूप आणलंत."

"तू एक पान वाचलंस म्हणून आणलं. हे पानही कुणीतरी वाचेल."

उस्ताद मागे उभे होते. त्यांनी वही मागून घेतली, स्वतःच्या अकरा सह्या एकेक करून पाहिल्या, आणि त्या पानाखाली आपलीही एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते आणि ताई हँगरमधल्या प्रत्येक विमानाची वही पहिल्या पानापासून वाचायला बसले. 'असंच आहे' म्हणून सोडून दिलेल्या सतरा गोष्टी निघाल्या. एक दाराची कडी, दोन दिवे, एक चुकीचा बसवलेला पट्टा. सतराच्या सतरा दुरुस्त झाल्या. मला कुणी विचारलं, तुझ्या आयुष्याची कमाई काय, तर मी हा आकडा सांगेन.

आता त्या विमानात काटे नाहीत. आकडे दाखवणारे रंगीत पडदे आलेत. मला वैमानिकांच्या शाळेत लाकडी ठोकळ्यावर बसवलंय. पाठीला तार नाही, म्हणून मी शून्यावर असतो. कॅप्टनचा गुडघा शेवटी जिंकला. ते आता इथंच शिकवतात आणि दर नव्या तुकडीला ती चाळीस सेकंदं सांगतात, एकही कमी न करता. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, स्वतःचीच चूक दर वेळी सांगताना लाज नाही वाटत?"

"वाटते की," ते म्हणाले. "त्या दिवशी मागे सोळा जण बसले होते. त्यांच्यापुढे माझी लाज ती केवढी?"

मुलांनी मला एकेकानं हातात घेऊन पाहिलं.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत, गावात असा एखादा थापाड्या असेल, ज्याच्याकडे बघून सगळे म्हणतात, असंच आहे ते. आज त्याचं पॅनल उघडा. दीड तास जाईल, कुणीतरी तुम्हाला पुस्तकवाली म्हणेल, चार लोक ताटकळतील. ताटकळू दे त्यांना. घरी तर पोचतील.